अमावस्या कळणारं सॉफ्टवेअर

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायचो. विभाग म्हणजे मी, दोन मशीन आणि एक एसी. एसी मशीनसाठी होता, माझ्यासाठी नव्हे. हंगाम सुरू झाला की पहाटे पाचला हजर व्हायचं. आधी काट्यावरची वजनं गोळा करणारा प्रोग्राम, तो संपला की गावोगावचा शिल्लक ऊस काढणारा, आणि मग आज कुणाच्या फडाला तोड द्यायची, म्हणजे कुणाचा ऊस कापायचा, त्याची यादी. पहिला संपायच्या आत दुसरा लावला की यादी चुकलीच म्हणून समजा. त्यामुळं पडद्याकडं बघत नुसतं बसून राहायचं. चहावाला सोडला तर दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नसे.

हंगामात रविवार नाही, सण नाही. सुट्टी फक्त अमावस्येची. आमचा ऊस यायचा बैलगाड्यांतून, आणि ब्रह्मदेव आला तरी गाडीवान अमावस्येला बैल जुंपत नाही. गाड्या नाहीत म्हणून यादी नाही. मग मी आदल्या दुपारी नेसरीची एस.टी. धरायचो. तिथं बायको शाळेत शिकवायची आणि तिच्याजवळ आमची मुलगी. कोल्हापूरकडं बदली मागून मागून बायको थकली होती. मधल्या दिवसांत मला फार एकटं वाटायचं, पण ते सांगायचं कुणाला?

दोन हजार सालानंतर कधीतरी साहेबांनी ठरवलं, ही कामं ठरल्या वेळी ओळीनं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. "वापरणार तूच, तर निवड बी तूच कर की," ते म्हणाले.

तीन कंपन्यांची माणसं आली. पहिला पुण्याचा, टाय लावलेला. पडद्यावर रंगीत चौकोन, एक हिरवा झाला की पुढचा सुरू. रविवार, महिनाअखेर, सगळं याला कळतं, तो म्हणाला. मी विचारलं, "अमावस्या?" तो हसला. माझं डोकं फिरलं. "हसू नका. त्या दिवशी यादी निघाली, तर तोडलेला ऊस फडातच वाळंल." दुसऱ्यानं नुसतंच "करून देऊ" म्हटलं, कसं ते सांगेना. तिसऱ्याचा पडदा काळा, कळाहीन. पण तो म्हणाला, "तुम्ही तारखा भरा. त्या दिवशी यादी निघणार नाही."

मी तिसरा निवडला. कारखान्याचं भलं वगैरे त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतंच. यादी माझ्यावाचून बिनचूक निघाली तर बायकोच्या सुट्टीदिवशी घरी जाता येणार होतं; मला रविवार पाहिजे होता. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून वर्षाच्या सगळ्या अमावस्या मी बोटानं तपासत भरल्या.

महिनाभर यादी बिनचूक निघाली. मग एका रविवारी, कुणाला न कळवता, मी पहिली एस.टी. धरली. गडहिंग्लजच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा लेकीसाठी बत्तासे घेतले. नेसरीत पोचलो तर घराला कुलूप.

शेजारच्या काकू बाहेर आल्या. "आज कसं काय आलासा? हंगामात दर रविवारी त्या दोघी गडहिंग्लजला माहेरला असत्यात की, शनिवारीच जात्यात. तुम्हास्नी ठावं न्हाय व्हय?"

नव्हतं. माझ्या घरचा रविवार कसा असतो, हे शेजारणीकडून मला कळलं. त्याच स्टँडवर तासाभरापूर्वी मी बत्तासे घेत होतो, आणि माझी माणसं दोन गल्ल्या पलीकडं होती.

उलट गाडीनं सासुरवाडीला गेलो. अंगणात लेक मामाच्या पोरींबरोबर खेळत होती. मला बघून थांबली, आनंदली नाही, गोंधळली.

"आज अमावस्या हाय व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाय," मी म्हटलं.

"मग?"

मी बत्ताशांची पुडी पुढं केली. ती घेऊन लेक पोरींकडं परत गेली.