हसरी पिल्लं

सिस्टरला किळस म्हणून कशाची यायची नाही. सगळी नोकरी जखमांच्या वॉर्डात गेली. पू, उलट्या, कुजलेली बोटं. सगळं निस्तरून ती हात धुवायची आणि तिथंच मागच्या पायरीवर बसून पोटभर जेवायची. निवृत्त झाली तरी गल्लीतले लोक तिला सिस्टरच म्हणत.

अशा बाईला शिसारी आणली ती तिच्या धाकट्या दिरानं.

दीर एका कचेरीत कारकून. सुटी आली की गळ्यात कॅमेरा अडकवून हिच्या परसात हजर. त्याला नुसता पक्षी चालत नसे, पक्ष्याच्या चेहऱ्यावर भाव हवा. रुसलेली चिमणी, लाजलेला बुलबुल. खाली गुलाबी अक्षरात ‘उठलात का? गोड हसा!’ असलं काहीतरी लिहून तो फोटो रोज सकाळी सगळ्या नातेवाइकांना पाठवायचा. सिस्टरला ते वाचूनच कसंतरी व्हायचं. पण माणूस निरुपद्रवी, म्हणून ती मुकाट्यानं चहा करून द्यायची.

एका रविवारी ती कपडे वाळत घालायला मागं गेली. डाळिंबाच्या खालच्या फांदीवर चिमणीची तीन पिल्लं ओळीनं बसली होती. चोची वासलेल्या. दीर पालथा पडून फोटो काढत होता.

“वहिनी, हळू! बघा कशी खदखदा हसतायत.”

वर तारेवर चिमणी जिवाच्या आकांतानं ओरडत होती. कडेच्या पिल्लानं पंख फडफडवले. अंग उचललं गेलं, पाय जागचे हलले नाहीत. सिस्टर जवळ गेली. फांदी चकाकत होती. तिनं बोट लावलं तर बोटच चिकटलं.

“हे काय लावलंयस?”

“थोडा डिंक हो. नाहीतर एका रांगेत बसतच नाहीत.”

“घरट्यातून कुणी काढली?”

“आज ना उद्या बाहेर पडणारच होती की!”

घशाशी आलेलं सिस्टरनं कसंबसं गिळलं, फांदीच कापून स्वयंपाकघरात आणली आणि तेलात कापूस बुडवून एकेक पाय सोडवायला बसली. दोन पिल्लं सुटली. मधल्यानं सुटायची इतकी धडपड केली होती, की त्याचं एक नख डिंकातच राहिलं. ते पिल्लू तिच्या तळव्यात थरथरत पडलं.

मागून कॅमेऱ्याचा आवाज आला.

“वहिनी, जरा उजेडाकडे धरा ना. काय गोड बघतंय तुमच्याकडे!”

“चालता हो.”

“अहो, पण...”

“चालता हो म्हणते ना! तो डिंकाचा डबा उचल आणि नीघ.”

दोघांना तिनं घरट्यात ठेवलं. बऱ्याच वेळानं चिमणी त्यांच्याकडे आली. मधलं दुपारी गेलं.

संध्याकाळी फोटो सगळ्यांच्या फोनवर पोचला. ‘तीन खट्याळ भावंडं!’ लगेच नणंदेचा फोन.

“वहिनी, पाहिलंस का गं? मधल्याची तर हसून हसून मुरकुंडी वळलीय!”

“ते मेलं. पाय डिंकानं चिकटवले होते त्याचे.”

“शी! जेवायच्या वेळेला काय घाणेरडं बोलतेस!”

नवरा म्हणाला, “जाऊ दे गं. हौस आहे त्याची.”

“हौस? तुमच्या भावाला या घराचं पाणीसुद्धा मिळणार नाही माझ्या हातून.”

पुढच्या सुटीला दीर फाटकाशी येऊन हाका मारत राहिला. आतून कुलूप होतं. नवरा कुंपणापाशी जाऊन त्याच्याशी हळू आवाजात बोलला आणि मान खाली घालून परत आला. दीर आता नणंदेच्या बागेत जातो म्हणतात. तिकडची मंडळी खूश आहेत.

सिस्टरनं त्याचे फोटो येणं बंद करून टाकलं. नोकरी सुटल्यापासून बाई फार तऱ्हेवाईक झाली, असं नात्यात सगळे बोलतात. तिच्या कानावर येतं. तोंडात काहीतरी कडू आल्यासारखं ती तोंड फिरवते.