फोन कोरा केला, तरी पत्ता फुटतच होता

ती तक्रार आठवली की अजूनही माझी चिडचिड होते. तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. पुढे काही वर्षांनी नोकरी सोडली.

तक्रारदार शिक्षिका. नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडून पवनारला खोली घेऊन राहत होती. त्याने जवळ फिरकू नये असा कोर्टाचा संरक्षण आदेश होता. तरी ती केळझरला दर्शनाला गेली की हा देवळाबाहेर हजर. "फोनमधूनच माग काढतो, मॅडम. फोन त्यानंच सुरू करून दिला होता."

संशय रास्त होता. शिवाय माणसांना प्रश्न विचारण्यापेक्षा फोन तपासणं मला सोपं जायचं. फोनची मूळ ऑपरेटिंग सिस्टीम काढून, कोणत्याही कंपनीला माहिती न पाठवणारी दुसरी टाकायचं ठरवलं. एकीवर तिच्या बँकेचं ॲप चालेना. दुसरीचे सुरक्षा अपडेट तिच्या फोनला मिळत नव्हते. शेवटी एक जमली. नवऱ्यानं उघडून दिलेलं जुनं खातं बंद केलं, लोकेशनची परवानगी कुठल्याच ॲपला ठेवली नाही.

पुढच्याच आठवड्यात ती हिंगणीला मैत्रिणीकडे गेली. परत निघाली, तर नवरा स्टँडवर उभा!

ठाण्यातले हवालदारकाका गालात हसले. "काय मॅडम, तुमची गुपचूपवाली सिस्टीम बी बोलून राह्यली का?"

फोन पुन्हा तपासला. काही नाही. मग आदेश मोडल्याबद्दल नवऱ्याला ताब्यात घेऊन चौकशीला बसवलं.

"ती कुठं जाते, तुला कसं कळतं?"

"मले का जादू येते? तिच्या मायनं सांगतलं."

आईला बोलावलं. लेक कुठंही गेली की पोचल्याचा फोन आईला करायची. आई तो निरोप जावयाला द्यायची.

"ते मारतात तिला, माहीत आहे ना?" माझा आवाज चढला होता.

"म्हणून तं सांगतो मी, बाई. भेटतीन, बोलतीन, तं जुळन पुन्हा. अन् जावाई इचारतात तं खोटं कसं बोलू?"

लेक शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आई, आता मी पोचली का नाई, ते तुले कळणार नाई." आई रडायला लागली. लेकीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर अशा तक्रारीत फोन हातात घेण्याआधी मी विचारायचे, "पोचल्यावर कोणाला कळवता?" बहुतेक जणी वैतागायच्या. "घरच्यांनाच तर, मॅडम."