‘फाटा’चं उशिरा झालेलं कौतुक

सीमाभागातल्या हुमनाबादच्या बसस्टँडवरून बंगळूरची गाडी सुटायला आली, तेव्हा बसू गिटार मांडीवर उभी धरून खिडकीशी बसला होता आणि मी त्याच्या शेजारी. बसू म्हणजे बसवराज, माझा वर्गमित्र. त्याच्या अप्पांचं हमरस्त्यावर लॉरीच्या सुट्या भागांचं दुकान. अप्पा खिडकीचा गज धरून म्हणाले, “हितं काय कमी पडायलंय रे तुला? बरं, जा. पर उपाशी ऱ्हाऊ नको.” मग माझ्याकडे बघून, “ह्याला संबाळ.”

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना ठाऊक असेल, शहरात पहिल्यांदा माणसाचं बोलणं उघडं पडतं. बंगळुरात आमच्या कन्नडला हसायचे, पुण्यात कार्यक्रमाला गेलं की मराठीला. बसू अप्पांशी मराठी, आईशी कन्नड आणि गिऱ्हाइकांशी दखनी उर्दू बोलत वाढलेला. गाणीही तो तशीच लिहायचा, एकाच ओळीत तिन्ही. मी बेस गिटार वाजवायचो, मंगळूरचा एक मित्र ड्रम्स. लॉरीचे हॉर्न, लोखंडावर पाना आपटल्याचा आवाज, उलटी फिरवलेली टेप, सगळं आम्ही त्या गाण्यांत कोंबलं. दिवसा नोकऱ्या, सुटीला रेकॉर्डिंग. असा आमचा ‘फाटा’ हा अल्बम निघाला.

पहिलं परीक्षण एका इंग्रजी पेपरात आलं. वादन धाडसी आहे, पण गायकाला कुठलीच भाषा धड येत नाही, असं त्यात होतं. पुण्याच्या एका मासिकानं मराठी बाटवल्याबद्दल झोडपलं. एका कन्नड साप्ताहिकानं तर हे आपलं नव्हेच म्हणून दोन ओळींत निकाल लावला. ड्रमर हसला. बसू हसला नाही.

“आवाजाला नावं ठिवली असती तर सोसलं असतं रे,” तो म्हणाला. “घरी बोलतो तसंच गायलो मी. त्यालाच चूक म्हणायलेत.”

पुढच्या कार्यक्रमात त्यानं शुद्ध मराठीत गायचा हट्ट धरला. दुसऱ्या कडव्यात थांबला. शब्द आठवत होते, पण तोंडातून निघेनात. गिटारची वायर काढून तो मंचावरून उतरला आणि त्याच आठवड्यात गावी परतला. मी राहिलो. जाहिरातींना संगीत देऊ लागलो, फ्लॅट घेतला, मुलगी झाली. ती मला डॅडी म्हणते.

बऱ्याच वर्षांनी दिल्लीच्या एका तरुण समीक्षकानं इंटरनेटवर ‘फाटा’वर लांबलचक लेख लिहिला. भाषांची सरमिसळ हाच या अल्बमचा प्राण आहे, असं त्याचं म्हणणं. तो लेख खूप फिरला, मग एका संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं. लेखाची प्रिंट घेऊन मी हुमनाबाद गाठलं.

बसूनं दुकानाच्या काउंटरवर चष्मा लावून तो सावकाश वाचला. कानशिलं लाल झाली त्याची. दारात खुर्ची टाकून बसलेल्या अप्पांनी विचारलं, “काय लिवलंय?” बसूनं ओळ न् ओळ मराठीत करून सांगितली.

 अप्पा म्हणाले, “मग ह्ये तवाच लिवायला काय झालतं त्यास्नी?”



“महोत्सवाला येतोस ना?” मी बसूला विचारलं.

“न्हाई रे. चूक म्हणले, तवापासून तोंड उघडलं की आधी तपासायलो शब्द. तपासत तपासत गाणं गेलं. आता नुसतं बोलायला येतंय.”

तेवढ्यात एक लॉरी थांबली. “बैठो भाई, अब्बी देतुं,” म्हणत बसू उठला, आत आईला कन्नडमध्ये चहा सांगितला आणि अप्पांना मराठीत, “दार सोडा जरा.” मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. अडखळला नाही कुठं.

महोत्सवाला मी ‘येत नाही’ असं कळवलं. घर कुठं, असं विचारलं की हल्ली मी बंगळूरचा पत्ता देतो. पण माझं घर म्हणजे त्या दुकानातली माणसं, आणि त्यांच्याकडं चांगली बातमी घेऊन मी फार उशिरा पोचलो.