सूर्यचुलीवरचं वरण

चैत्रापासून अमरावतीचं ऊन माणसाला उंबऱ्याबाहेर पाय टाकू देत नसे. त्याच उन्हावर आता आपण वरण शिजवायचं, असं दादाने जाहीर केलं, तेव्हा पोराचं डोकं फिरलं असंच आईला वाटलं.

पण दादाचा जीव टांगणीला लागला होता. वहिनीला दमा जडला होता. आमच्याकडे चुलीत पऱ्हाटी जळायची, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं. फुकटचं सरपण आणि धूर मात्र भरपूर! दोन खोल्यांत चूल कोणीही पेटवो, वहिनी खोकून खोकून भिंत धरायची. शेवटी आई म्हणाली, "हिले अकोल्याले धाडून दे. बरी झाली का आण." अकोला वहिनीचं माहेर. तिथे काय बिनधुराची चूल होती? अशा धाडलेल्या सुना सहसा परत येत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दादा शाळेत विज्ञान शिकवायचा. नागपूरच्या प्रदर्शनातून त्याने सूर्यचूल आणली: चकचकीत पत्र्याची भलीमोठी परात आणि मधोमध भांडं ठेवायला कडं. अंगणात ती मांडून, तुरीची डाळ चढवून तो सकाळच्या शाळेला गेला. दुपारी येऊन बघतो तर डाळ कच्ची, आणि अख्ख्या चुलीवर आईचं जुनं लुगडं!

"उघड्यावर अन्न शिजून राह्यलं, साऱ्या गल्लीची दीठ लागन ना! मनून झाकलं," आई म्हणाली.

"आई, तू तं ऊनच झाकलं!"

मला हसू आवरेना. वहिनी मात्र आत जाऊन अकोल्याला निघायला ट्रंकेत लुगडी भरू लागली. आई दारातून बघत राहिली, मग अंगणात जाऊन तिने चुलीवरचं लुगडं काढलं.

दुसऱ्या दिवशी दृष्ट लागू नये म्हणून आडोसा करायचा तर त्याचीच सावली चुलीवर पडत होती. मग आईने डोक्यावर पदर घेतला आणि गल्लीच्या बाजूला, ठेंगण्या कुंपणाशी पाट टाकून भर उन्हात बसली. पाण्याला निघालेल्या बाया थांबून चुलीकडे टकामका बघायच्या, की आई खेकसायची, "तिकडं काय पाहून राह्यली वो? पाहाचं असन तं माह्याकडं पाह्य!"

वरणाला उकळी फुटली. घामाने भिजलेल्या आईला बोलवायला वहिनी बाहेर आली. "आई, आता तरी सावलीत या."

"मले लागू दे लोकाइची दीठ. तू आतमंदी बस. मोकळा सास घे."

आमच्या आईला अशी माया करता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं. खरं सांगते, मला त्या क्षणी वहिनीचा हेवा वाटला. तिला अकोल्याला धाडायचं पुन्हा कोणी बोललं नाही.