अकरावी फाइल

“आधी कॉपी काढ, मग हात लाव.” ताईचं हे वाक्य दिवसातून दहादा तरी कानावर पडायचं. धाराशिवला बायोइन्फर्मेटिक्सच्या एम.एस्सी.ला ती माझ्या एक वर्ष पुढं होती. जवळ तीन पेनड्राइव्ह, आणि तिन्हींत त्याच फायली. आम्ही हसायचो. तुमच्याही वर्गात असं कुणीतरी असेलच, ज्याला हसायचं आणि अडलं की त्याच्याकडंच पळायचं.

ती लोहाऱ्याकडची. तिच्या वडिलांचे हातपाय आपोआप हलत राहायचे. मग चालणं गेलं, बोलणं गेलं, शेवटी तेही गेले. गावानं बाहेरची बाधा म्हणून सोडून दिलं. ताईनं तोच, आईबापाकडून पोरांत उतरणारा आजार प्रोजेक्टला घेतला. एका जीनमध्ये तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती मर्यादेपेक्षा जास्त वेळा आली, की आजार आज ना उद्या होणारच.

घरातल्या अकरा जणांचं रक्त तिनं तपासायला दिलं. चुलते सुई लावू देईनात, म्हणून आधी स्वतःचा हात पुढं केला. प्रत्येकाच्या जीनची एकेक फाइल आली. त्या प्रोग्रॅमवर चालवायचं काम माझ्याकडं देताना म्हणाली, “अकरावी माझीय. ती चालवायची न्हाय.”

“तुला बघायचं नाही?”

“बघून काय करू? औषध हाय का त्याला?”

मी मान डोलावली. आणि दुसऱ्याच दिवशी, एकेक नाव टाइप करायचा कंटाळा म्हणून, मी सगळ्या फोल्डरला एकच कमांड दिली. ती अक्षरं किती वेळा आली त्याचे दहा आकडे आले आणि खाली अकरावा. मी तो वाचला. मर्यादेच्या वर होता. ओळ लगेच पुसली, पण वाचलेलं कसं पुसणार?

ताईनं येऊन दहा ओळी बघितल्या. चुलत्यांचा आकडा चांगला निघाला म्हणून खूश झाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “तोंड का उतरलंय गं?”

“डोकं दुखतंय.”

तिनं पिशवीतून गोळी काढून दिली, पाणीही आणलं. मी मुकाट्यानं गिळली.

पुढं तिला पुण्यात नोकरी लागली. दर रविवारी फोन यायचा. मी विषय कमी आणि तिचा उच्चारच जास्त ऐकायचे, कुठं अडखळते का म्हणून. फार भीती वाटायची मला.

एका रविवारी म्हणाली, “टाइप करताना बोटं आपसूक उडतात. ताण असंल, न्हाय?”

“व्हय, ताणच असंल.”

मग तिनं विचारलं,

“तू माझा आकडा बघितलायस ना?”

“ताई, त्या दिवशी मी…”

“ऱ्हाऊ दे. सांगू नको,” म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याला तीन रविवार झाले. तिचा फोन आलेला नाही, आणि मला लावायचा धीर होत नाही.