मापाड्याचं वजन

कापूस खरेदीच्या केंद्रावर चार सीझन काढले की कपड्यांना रुई चिकटते आणि डोक्याला किस्से. रुई धुतली की जाते, किस्से काही जात नाहीत. आज सांगतो ते सगळे एकट्या दत्तराव मापाड्याचे. हिंगोलीचे, आमचा जिल्हा परभणी होता तेव्हाचे.

मी पावत्या लिहायचो आणि दत्तराव काट्याशी स्टुलावर बसून वजन पुकारायचे. दिवाळी सरली की बैलगाड्यांची ही रांग! सकाळी सातला टेकलेला माणूस दिवेलागणीलाच उठायचा. बसून बसून दत्तराव अठ्ठ्याण्णव किलोचे झाले. दहा वर्षं हंगामी राहिल्यावर त्यांना कायम करायचा कागद आला, पण सोबत मेडिकल. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत नव्वदच्या आत या, तरच सही. तीन महिने तेही ऐन सीझनचे! दत्तराव पार हवालदिल झाले.

*

मापाडी जगाला तोलतो, पण स्वतःला तोलू शकत नाही. फळीवर उभं राहिलं की हात दांडीपर्यंत पोचत नाही. म्हणून दर शनिवारी हमालांचे मुकादम भीमराव त्यांना तोलायचे. पहिल्याच शनिवारी दोन किलो कमी भरले! दत्तरावांनी खुशीत सगळ्या केंद्राला भजी चारली, स्वतःही दोन प्लेटा खाल्ल्या.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम जवळ उभा राहिलो. दांडी सांगत होती अठ्ठ्याण्णव आणि भीमराव गंभीरपणे पुकारत होते शहाण्णव. मी कारण विचारलं.

"बारदान कापलं की," भीमराव म्हणाले. "रिकाम्या पोत्याचं वजन कापल्याबिगर आमी कुणाचाच माल तोलत न्हाई."

धोतर, सदरा आणि पटका मिळून त्यांनी दोन किलो धरले होते.

*

दत्तरावांनी घरी सक्त ताकीद दिली, उद्यापासून डब्यात एकच भाकर. गयाबाई नवऱ्याच्या शब्दाबाहेर नव्हत्या. दुसऱ्या दिवशी डबा आलाच नाही, कारण भाकर डब्यात मावेना. ती फडक्यात बांधून आली, परातीएवढी!

संध्याकाळी दत्तराव चिडले तर गयाबाई म्हणाल्या, "एक म्हणले, एक केली. केवढी करायची ते कुठं सांगितलं तुमी?"

*

आमच्याकडे गाडीवाला शिदोरी सोडतो तेव्हा मापाड्याला पहिला घास विचारतो. मापाड्यानं नको म्हणायचं नसतं. नको म्हटलं की गाडीवाल्याला वाटतं, हा रागावला, आता माल कमी भरणार.

नरसीच्या एका म्हाताऱ्यानं शेंगदाण्याचा लाडू पुढं केला. दत्तरावांनी हात जोडले. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. कापूस ओला वाटला का, मागच्या खेपेला काही चुकलं का, असं विचारत त्यानं दुसरा लाडू काढला. दत्तराव डॉक्टरचं सांगू लागले तर तिसरा निघाला. शेवटी तिन्ही लाडू संपले तेव्हा कुठं म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्या आठवड्यात त्यांनी असे सतरा जणांचे जीव भांड्यात पाडले.

*

मग कुणीतरी पळायचा सल्ला दिला. काटा उघडायच्या आधी दत्तराव धोतर खोचून आवाराभोवती पळू लागले. रांगेत मुक्कामाला असलेल्या कळमनुरीच्या एका गाडीवाल्यानं पाहिलं की मापाडी पळत मागच्या बाजूला गेला. त्याला वाटलं, मागं दुसरा काटा सुरू झाला. त्यानं बैलांना हाकललं. तो निघाला म्हणून त्याच्या मागचा निघाला. बघता बघता पुढं दत्तराव आणि मागं वीसएक गाड्या, अशी आवाराला एक फेरी झाली! दत्तराव थांबायलाही तयार नव्हते, कारण मागं बैल.

मोडलेली रांग लावता लावता दुपार झाली. कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडरसाहेब केंद्राचे प्रमुख, त्यांनी दत्तरावांना लेखी मेमो दिला. त्यात एकच वाक्य होतं, 'सीझन संपेपर्यंत पळू नये.'

*

शेवटी दत्तरावांनी स्टूलच फेकून दिलं. दिवसभर उभं राहून वजनं पुकारली, हमालांबरोबर पोतीही ढकलली. हळूहळू ते खरोखर उतरले. मेडिकलच्या आदल्या दिवशी, बारदान न कापता, एक्क्याण्णव. शेवटचे एक-दोन किलो अडून बसले होते. दत्तरावांना रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. डॉक्टरांचं अंग भरलेलं होतं, पण चेहरा भलताच खुशीत. गोडधोड सोडल्यापासून आपण दोन किलो कसे उतरलो, हे त्यांनी आम्हाला आधी ऐकवलं. मग काट्याकडे बोट दाखवलं.

दत्तराव चढलेच नाहीत. वाकून बघत बसले. काट्यावर कुणी नसताना काटा शून्याच्या दोन किलो मागं उभा होता. मी त्यांना चिमटा काढला, गप चढा म्हणून. पण दहा वर्षांची सवय! त्यांनी अंगठ्याच्या नखानं बाजूचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला आणि मगच पाय ठेवला. एक्क्याण्णव.

डॉक्टरांचा पेन थांबला. "अहो, मुकाट्यानं चढला असता तर एकोणनव्वद भरला असता. पास होता तुम्ही."

"व्हय साहेब," दत्तराव रडवेल्या आवाजात म्हणाले. "पण काटा चुकीचा ठिवून तोलायचं, हे आपल्याच्यानं होऊन न्हाई राहिलं."

डॉक्टर उठले. दार आतून लावलं. चपला काढल्या, खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि स्वतः काट्यावर चढले. वाकून आकडा दोनदा वाचला.

मग उतरले, दत्तरावांच्या कागदावर 'कामास योग्य' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. आम्ही दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"मापाडी, तो स्क्रू होता तिथं परत फिरवून जा."