चाळणीवाल्याची रजा

आमच्या प्रयोगशाळेत पिठातले किडे सांभाळणारा एक गृहस्थ आहे. सगळे त्याला चाळणीवाला म्हणतात. पीठ चाळायचं आणि अळ्या मोजायच्या, हे त्याचं काम. अठरा वर्षांत त्याचा आकडा चुकलेला नाही, आणि माझा चुकला की चारचौघांत सांगायला तो विसरलेला नाही.

यंदा मी नर किड्यांना सुई टोचत होते. त्यांच्या शरीरात संप्रेरकाचा, म्हणजे हॉर्मोनचा, निरोप टिपणारा एक जनुक असतो. टोचून तो गप्प केला तर काय होतं, ते बघायचं होतं. नर अगदी मजेत राहिले. खात होते, हिंडत होते, माद्यांच्या मागे लागत होते. पिल्लं मात्र होईनात.

"माद्यांतच खोट असणार," चाळणीवाला छातीठोकपणे म्हणाला.

आमच्याकडे असं म्हणून भागत नाही. त्याच माद्यांना न टोचलेले नर देऊन बघायचं, ही आमची रीत. त्याने दिले. काही दिवसांनी पीठ चाळलं, तर अळ्याच अळ्या. तो चाळणी धरून बराच वेळ उभा राहिला. मोजायचंही विसरला.

"बाई," तो म्हणाला, "उद्या अर्धा दिवस रजा हवी."

त्याच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. चार डॉक्टरांनी बायकोला तपासून निर्दोष ठरवलं होतं. तरी तिला कायमची माहेरी धाडून याचं दुसरं लग्न लावायचं, असं त्याच्या आईने ठरवलं होतं. मुलगीही बघून ठेवली होती. याला मात्र कोणी एकदाही तपासलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि हा चोर दोर धरून उभा. मला त्याचा भयंकर राग आला. रजा दिली.

रजेत तो स्वतःला तपासून आला आणि रिपोर्ट त्याने घरी मोठ्याने वाचला. दोष त्याच्यातच होता.

"काहीतरीच!" आई म्हणाली. "एवढा धडधाकट माझा मुलगा!"

"आमचे नरही धडधाकटच असतात, आई."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सात वर्षं मी काढे प्यायले. तुम्हाला एकदा डॉक्टरकडे जाऊन यायला काय झालं होतं?"

"भीती वाटायची," तो म्हणाला. "म्हणून तुला पुढे केलं."

आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. सासूशी मात्र बोलली, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच आवाज चढवून.